श्री पुसलेली पाटी

१

शुक्रवारी सकाळी मी दुकानाचं शटर निम्मं वर केलं होतं, तेवढ्यात सूरजचा फोन आला.

"नाथाभाऊ, आण्णांची कीर्तनं न्हाईत."

"न्हाईत म्हणजे?"

"लॅपटॉपवरनं बघितलं. फोल्डर हाय. आत कायबी न्हाई. एकशेसेहेचाळीसच्या एकशेसेहेचाळीस गेली."

मी शटर तसंच खाली ओढलं.

हा सूरज म्हणजे दादासोबुवांचा, पोरांच्या आण्णांचा, थोरला. वडूजच्या अलीकडं माळावर त्यांची वाडी आहे. बापजाद्यांनी मेंढरांमागं रानं तुडवली, पण बुवांनी गळ्यात वीणा घातली आणि बावीस वर्षं गावोगावी कीर्तन केलं. त्यांच्या मागं उभं राहून मी टाळ धरला. फौजेत सिग्नलला होतो. पेन्शनीवर आल्यावर वडूजला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते पोटासाठी. टाळ मात्र माझ्यासाठी होता. बुवांनी चाल उचलली की अंगावरचा दिवस गळून पडायचा.

गेल्या शिमग्याच्या आधी मिरजेला बुवांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. पुढच्या उपचारांत कानही मंद झाले. आता ते पाटीवर लिहितात आणि समोरच्याच्या ओठांकडं बघतात.

रविवारी वाडीतल्या सप्ताहाचा काला होता. बुवा आपल्या जागी बसणार आणि भोंग्यातून त्यांचंच जुनं काल्याचं कीर्तन वाजणार, असं ठरलं होतं. ठरवलं त्यांनीच. पाटीवर लिहिलं होतं: गळा नाही, पण सेवा चुकू नये.

आता रविवारला दोन दिवस होते आणि वाजवायला काही नव्हतं.

२

ओसरीवर हरणावैनी, म्हणजे बुवांच्या मंडळी, तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी आत जायला निघालो तर म्हणाल्या, "बस जरा. संगणक वाढवलाय."

"वाढवलाय? कुणी? मला न विचारता?" मला वाटलं, कुणीतरी तालुक्याच्या पोराकडून मशीनची ताकद वाढवून घेतली.

"आरं, वाढवलाय म्हंजी... तसलं नाव घ्यायचं न्हाई सकाळच्या पारी. बटन दाबलंय सूरजनं."

मग लक्षात आलं. या घरात दिवा विझत नाही, दुकान बंद होत नाही, बांगडी फुटत नाही. सगळं वाढतं. बुवांची शिस्त. मंगल नाही ते तोंडातून काढायचंच नाही. सूरजची बायको राणी सांगलीची. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी 'दिवा बंद करते' म्हणाली म्हणून तिला समोर बसवून बुवांनी अर्धा तास निरूपण दिलं होतं. आम्ही टाळकरी पडवीत बसून हसलो होतो.

माजघरात ते मशीन भिंतीला लागून होतं. जुनं, पण घरातलं सगळं त्याच्यावरच टेकलेलं. प्रिंटर त्याला जोडलेला, बुवांची कीर्तनं त्यात, आणि मागच्या मेंढवाड्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रणही त्यातच साठायचं. राणीचा लॅपटॉप आणि सांगलीहून आलेल्या धाकट्या मल्हारचा लॅपटॉप, दोन्ही राउटरवरून याच मशीनपर्यंत पोचायचे. ही सोय मीच करून दिली होती.

आणि मंगळवारी तीच सोय दुरुस्त करायला मी आलो होतो. प्रिंटर छापेना. दुसऱ्या मशीनवरून छापायला गेलं की पासवर्ड मागायचा. सूरज वैतागलेला, मी घाईत. मी शेअरिंगमध्ये जाऊन सगळ्यांना सगळे हक्क देऊन टाकले. बघायचा, बदलायचा, काढायचा. पासवर्डची कटकट गेली. तरी छपाई होईना, कारण मशीन गळ्यापर्यंत भरलं होतं. छापायचा कागद आधी त्याच्या पोटात उतरतो, मग प्रिंटरकडं जातो. पोटात जागाच नव्हती. त्यात स्क्रीनही लुकलुकत होता. तो मी दुकानात न्यायला काढला आणि अंगणात सगळ्यांना सांगितलं, "नको असंल ते लॅपटॉपवरनं काढत जावा. भिऊ नका. काढलेलं टोपलीत राहतं, कवाबी परत घेता येतं."

आज तो स्क्रीन परत आणून जोडला. मशीन सुरू केलं. टोपली, म्हणजे मशीनचं रिसायकल बिन, उघडली.

टोपलीत महिन्यापूर्वीचं एक लग्नपत्रिकेचं चित्र होतं. म्हणजे टोपली कुणी रिकामी केली नव्हती. पण कीर्तन त्यात एकही नव्हतं.

मी टोपली मिटून परत उघडली. तेच.

३

फौजेत असल्यापासून जे मला पाठ होतं, ते मंगळवारी अंगणात मी विसरलो होतो. मशीनसमोर बसून काढलेलं त्या मशीनच्या टोपलीत जातं. नेटवर्कवरून, दुसऱ्या मशीनमधून हात घालून काढलेलं कुठल्याच टोपलीत जात नाही. ते जातंच.

मंगळवारपासून आजपर्यंत या मशीनला स्क्रीन नव्हता. आंधळ्या मशीनसमोर बसून कोण काय काढणार? म्हणजे हात घातला तो दोनपैकी एका लॅपटॉपवरून. राणीच्या नाहीतर मल्हारच्या.

पुसलेलं परत खेचायची साधनं असतात माझ्याकडं. ती लावली. पण कॅमेरा काही थांबला नव्हता. मोकळी झालेली जागा त्यानं कालपासून भरून काढली होती. जिथं बुवांचा आवाज होता, तिथं आता चाळीस मेंढरं रवंथ करत होती.

"दुसरी प्रत?" मी विचारलं.

"कसली प्रत," सूरज म्हणाला. "कॅसेटी बुरशीनं गेल्या, म्हणून तर मशीनमधी घेतलं. लोकांच्या मोबाइलात अर्धा अर्धा मिनिट हाय. त्यातबी निम्मं फटाकडं."

बुवा आतल्या खोलीत खाटेवर होते. मी पाया पडलो. त्यांनी पाटी उचलली, पण काही लिहिलं नाही. डोळे सुजलेले. पाटी कोरी करकरीत होती, आणि मला काहीतरी खटकलं. मग उमगलं. पाटीच्या वरच्या कोपऱ्यात बुवा 'श्री' लिहून ठेवतात आणि पुसताना तेवढा राखून पुसतात. दवाखान्यात ताप डोक्यात गेला होता, तेव्हासुद्धा नर्सबाईला त्यांनी तो पुसू दिला नव्हता.

आज श्री नव्हता.

आजारी माणूस, दुःखात असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं. माझी नजर तेव्हा दुसरीकडंच होती. प्रिंटरच्या ताटात एक कागद पडला होता. आठवडाभर न छापणाऱ्या प्रिंटरमधून आलेला. मल्हारचा रजेचा अर्ज.

४

मल्हारला मी पोरवयापासून ओळखतो. सांगलीला एका खाजगी ऑफिसात आहे. बापाशी त्याचं जमलं नाही. कीर्तनाला गावं उभी राहायची, पण मल्हारच्या शाळेच्या एका कार्यक्रमाला बुवा कधी पोचले नाहीत. त्या दिवशी कुठंतरी काला असायचा.

मी अंगणात त्याला गाठलं. मंडपाचा आकाराम भोंग्याच्या तारा घेऊन उभा होता, दोन टाळकरी होते. मी त्यांना जरा बाजूला व्हा म्हणायला हवं होतं.

"हा कागद कवा छापलास?"

"काल. सव्वाचार झालं असतील."

"आठ दिवस कुणाचा कागद निघंना, तुझा कसा निघाला?"

"मला काय म्हाईत? हुकूम दिला, छापला. तुमी दुरुस्त केलंय असं वाटलं."

"छपाई अडली होती जागेपायी. कुणीतरी जागा मोकळी केली, तवाच तुझा कागद निघाला. कीर्तनं गेली आणि कागद आला, मल्हार."

मग सूरज पुढं आला. "तू म्हणाला व्हतास गेल्या साली. ह्या कीर्तनांनी घर खाल्लं म्हणून."

"म्हणालो व्हतो. आजबी म्हणतो." मल्हारचा आवाज अजिबात चढला नाही. "पर मी काढलं असतं तर आण्णांच्या समोर उभा राहून काढलं असतं. चोरून काढायला मला कोण अडवत व्हतं? आणि फौजी, तुमी. काल चारपर्यंत मंडपाच्या दोऱ्या माझ्यासंगं कोण बांधत व्हतं?"

"मीच. पर तू सव्वाचार म्हणालास."

"व्हय. लय पक्का हिशोब हाय तुमचा."

त्यानं पिशवी भरली. हरणावैनी दाराला धरून उभ्या होत्या. "काला झाल्यावर जा रं," एवढंच म्हणाल्या. दुपारच्या गाडीनं तो गेला. जाताना आतल्या खोलीच्या दाराशी थांबला, पण आत शिरला नाही. आतून बुवांनी पाटीवर खडूनं ठोकलेलं मी ऐकलं. टक, टक. मल्हारला ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

राणी चुलीपाशी पाठमोरी होती. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

५

शनिवारी संध्याकाळी वैनींनी देवापुढं दिवा लावला आणि पोथीतून एक कागद काढला. मोठ्या मोठ्या अक्षरांतली आरती. चष्म्याविना वाचता यावी अशी.

"ही कुणी छापून दिली?"

"राणीनं. लय दिवस मागं लागले व्हते. शेवटी परवा दिली."

परवा म्हणजे गुरुवारी. मी कागद हातात घेतला. कुठल्यातरी वेबसाइटवरून छापलेला. अशा छपाईत खाली बारीक अक्षरांत तारीख आणि वेळ आपोआप उमटते. वैनींना ते आकडे मुंगीएवढेसुद्धा दिसत नव्हते. मला दिसले.

पंधरा एकेचाळीस. पावणेचारला चार मिनिटं कमी.

म्हणजे सव्वाचारला मल्हारचा कागद निघायच्या आधीच जागा मोकळी झाली होती. तीन एकेचाळीसला मल्हार देवळासमोर शिडीवर होता, आणि खालून दोरी धरून होतो मी. त्याच्या बाजूचा साक्षीदार मीच होतो, आणि सगळ्यांदेखत त्याच्यावर बोट ठेवणाराही मीच. ताटातला वरचा कागद बघितला, आणि त्याच्या आधी निघून पोथीत गेलेल्याची चौकशी केली नाही.

सूरज गुरुवारी दिवसभर मेंढरं घेऊन लसीच्या छावणीत होता. वैनींना मशीन येत नाही. बुवा खाटेवर. राहिला एक लॅपटॉप आणि एक माणूस.

पण राणी? बुवांना रोज तीन वाजता लॅपटॉपवर त्यांचं कीर्तन लावून देणारी राणी? सासऱ्याच्या गळ्याची नळी साफ करणारी, पथ्याची पेज भरवणारी राणी असं करील?

तेव्हा मला पाटी आठवली. ती पाटी या घरात दुसऱ्या कुणीही पुसली असती, तरी श्री राखून पुसली असती. श्रीवरून हात फिरवायची छाती एकाच माणसाची होती. बुवांनी स्वतः पुसला होता. असं काय लिहिलेलं होतं तिथं, की ते घालवताना देवाचं अक्षर राखायचंही भान राहू नये? आणि बुवांना ते कुणापासून लपवायचं होतं?

मी चुलीपाशी गेलो. राणी भाकरी थापत होती.

"राणी, बुवांनी पाटीवर काय लिहिलं व्हतं?"

तिचे हात परातीत थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मीच उलटली.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी चार दिवस वाट बघितली असती, तर बरं झालं असतं. आत्या आरतीसाठी मागं लागल्या होत्या. प्रिंटर जागा नाही म्हणत होता. कॅमेऱ्याचं काढायला गेले, ते निघेना. चालू आहे म्हणून नकार देत होतं. मग बघितलं तर सगळ्यात मोठी कीर्तनंच. मामांना त्यांचंच कीर्तन लावून दिलं होतं. मी दारातनं विचारलं. मामा, मशीन भरलंय, ही कीर्तनं ठेवायची का काढायची?"

"मग?"

"त्यांनी लिहिलं, 'वाढव'."

बाहेर वैनींची आरती चालू होती. अक्षर मोठं असल्यानं कुठं अडत नव्हती.

"मला सहा वर्षं एकच अर्थ शिकवलाय भाऊजी. दिवा वाढव, दार वाढव, पोथी वाढव. वाढव म्हणजे आता पुरे. मला वाटलं, गळा गेला, आता मागं काही ठेवायला नको, असं आलं असेल मनात. कीर्तनकार माणूस. त्यातनं तुम्ही म्हणाला होतात, टोपलीत राहतं. म्हटलं, उद्या मन बदललं तर परत घेऊन देऊ. लॅपटॉप उचलून आणला आणि सगळी काढली."

"आणि त्यांना काय म्हणायचं व्हतं?"

माझ्या तोंडून प्रश्न गेला, पण उत्तर मला आधीच कळलं होतं. मंद कानाचा माणूस, समोर लॅपटॉप, दारात उजेडाला पाठ करून उभी सून. ओठ दिसत नव्हते. तिनं काय विचारलं ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"संध्याकाळी त्यांनी कानाला हात लावून दाखवला," राणी म्हणाली. "लिहिलं, 'दुपारी लय बारीक ऐकू येत होतं. वाढव म्हटलं तर लॅपटॉपच उचलून नेलास.' आवाज, भाऊजी. आवाज वाढव म्हणाले होते. मी टोपली उघडली. माझ्या टोपलीत बघितलं, मग परत बघितलं. मग त्यांच्यापुढं बसून सगळं सांगितलं."

"आणि बुवा?"

"पाटी ओढून घेतली. बाहीनं सगळी पुसली. मग माझ्या तोंडावर बोट ठेवलं. असं."

तिनं पिठाचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. मल्हारला मी अंगणात विचारत होतो, तेव्हा ती याच बोटाखाली उभी होती.

६

मी बुवांच्या खाटेपाशी बसलो. त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "मला कळलंय. मल्हार गेला. त्याच्यावर आळ हाय. सांगाय पायजे."

त्यांनी माझ्या ओठांवरून ते सगळं वाचलं. पाटी मांडीवर घेतली. मग वरच्या कोपऱ्यात सावकाश श्री काढला. दोन दिवसांत पहिल्यांदा. त्याच्या खाली दोन शब्द लिहिले आणि पाटी माझ्याकडं फिरवली.

तपास वाढव.

बाहेरचा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं, वाढवू म्हणजे काय करू? मी विचारलं नाही. बावीस वर्षं त्यांच्या मागं उभा होतो. राणीचं नाव निघालं तर सूरज काय करील ते त्यांना माहीत होतं, आणि गाव काय म्हणेल तेही. मल्हार पोटचा होता, तो सोसेल असं त्यांनी धरलं असावं. मल्हारनं तसंही त्यांच्यापायी बरंच सोसलं होतं.

मी सूरजला बोलावून सांगितलं, "माझ्या हातनं गेलं. मंगळवारी शेअरिंग करताना चूक झाली. मल्हारचा काय संबंध न्हाई." खोटं निम्मंच होतं. सगळ्यांना सगळे हक्क मीच दिले होते, आणि टोपलीची थापही माझीच.

सूरज जमिनीकडं बघून म्हणाला, "उद्या टाळ आकाराम धरंल. तुमी येऊ नगा म्हणत न्हाई."

मल्हारला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं.

"चार माणसांत बोट केलंत, फौजी. आणि माफी कानात सांगताय."

"काल्याला ये. चार माणसांत सांगतो."

"कशाला? त्यांनी तरी कुठं थांब म्हटलं?"

"पाटीवर ठोकलं रं त्यांनी. तू दारात असताना."

मग तो म्हणाला, "मला वाटलं, जा म्हणत्यात." आणि फोन ठेवला.

रविवारी काल्याला तो आला नाही. बुवांना उचलून त्यांच्या जागी बसवलं, गळ्यात वीणा घातली. भोंगा मुका होता. टाळ-मृदुंग वाजत राहिला आणि बुवा ओठ हलवत राहिले. मी मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून त्यांचे ओठ वाचत होतो. प्रत्येक चाल मला पाठ होती. माझ्या मोकळ्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं.

दहीहंडी फुटली. लाह्या वाटल्या. राणीनं खाली मान घालून मला लाह्या दिल्या आणि पुढं गेली.

तेव्हापासून हरणावैनी बाजारच्या दिवशी वडूजला आल्या की दुकानाच्या पायरीशी थांबतात. आत येत नाहीत.

"नाथा, तू म्हणाला व्हतास, काढलेलं टोपलीत राहतं."

"व्हय, वैनी."

"मग नीट बघितलंस का रं? तळाला कुठं आसंल."

"बघतो," मी म्हणतो.